मुदत संपल्यानंतर

ज्या दिवशी शिक्षेची मुदत पुरी होते, त्या दिवशी कारागृहाच्या कचेरीत जे काही घडते ते शिस्तीने आणि बिनचूक घडते. न्यायालयाच्या वॉरंटावरील सजा, वर्तनाने व कामाने मिळविलेली माफी, खटला चालू असताना कोठडीत काढलेले आणि म्हणून वजा पडणारे दिवस, या सर्वांचा हिशोब आधीच मांडून झालेला असतो; नोंदवहीतील अंगखुणा पडताळून सुटणारा इसम तोच आहे याची खातरजमा केली जाते; अटकेच्या वेळी जमा केलेले कपडे, घड्याळ, पाकीट त्याच्या स्वाधीन होते; मजुरीतून खात्यावर साठलेली रक्कम त्याच्या हाती पडते, आणि सही अथवा अंगठा उमटला की मोठ्या दरवाजातील दिंडी त्याच्यासाठी उघडते. ही सारी पद्धती ज्या १८९४ च्या कारागृह अधिनियमाच्या आधारे वाढली, त्याच्या कर्त्यांनी सुटणाऱ्या माणसाचा अगदीच विचार केला नव्हता असे नाही. तीव्र किंवा धोकादायक आजार जडलेल्या बंद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध बाहेर काढू नये, वैद्यकीय अधिकाऱ्याने निर्वाळा दिल्यावरच सोडावे, एवढी तरतूद त्यांनी करून ठेवली होती. परंतु धडधाकट माणसाने दिंडीबाहेर पाऊल टाकल्यावर जावे कोठे, त्या रात्री निजावे कोठे आणि पहिल्या महिन्याचा शिधा आणावा कोठून, हे प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेत येतच नव्हते.

सुटलेल्या माणसाला निवारा, काम आणि थोडेफार भांडवल लागते, ही गोष्ट कोणासही पटण्याजोगी आहे, आणि शासनाच्या व समाजसेवी संस्थांच्या बहुतेक योजना याच तीन गोष्टींभोवती रचलेल्या आहेत. तथापि या विषयात थोडे खोल शिरले म्हणजे असे दिसून येते की, या तिहींच्याही आधी त्याला आणखी एक गोष्ट लागते, आणि ती म्हणजे त्याच्याबद्दल हमी घेणारे एखादे माणूस. घरमालक ओळख मागतो, मुकादम शिफारस मागतो, बँक जामीनदार मागते. इतकेच काय, खुद्द कायदाही जामिनाच्या वेळी, रजेच्या वेळी आणि मुले परत मागण्याच्या वेळी याच माणसाची विचारणा करतो. ज्याच्याजवळ असे माणूस आहे त्याला सर्व योजना उपयोगी पडतात. ज्याच्याजवळ नाही त्याच्यापर्यंत त्यांतील बहुतेक पोहोचतच नाहीत.

मराठी वाचकाच्या मनातील तुरुंगाचे चित्र बव्हंशी सत्याग्रह्यांनी रेखाटलेले आहे. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या आरंभी साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली, आणि ही मंडळी बाहेर आली तेव्हा त्यांचा कारावास त्यांच्या कीर्तीत भर घालणारा ठरला. मारामारीत, चोरीत, घरच्या भांडणातून झालेल्या खुनात सजा भोगून परतणाऱ्या माणसाच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही; त्याचे स्वागत कोणी केलेच तर ते घरचे माणूस असते, आणि तेही पुष्कळदा अंधार पडल्यावर, आळीतल्या लोकांची नजर चुकवून. आपल्या वाङ्मयात तुरुंगाच्या आतील दिवसांचे वर्णन विपुल आहे. सुटकेनंतरच्या पहिल्या वर्षाचे वर्णन मात्र फारच तुरळक, आणि या उणिवेमुळे त्या वर्षाविषयी समाजाचे अज्ञान टिकून राहिले आहे, असे मला वाटते.

दुसरा एक गैरसमज असा की, तुरुंगातून सुटणारा तो शिक्षा भोगलेला गुन्हेगारच. वस्तुस्थिती अशी की २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत सुमारे पावणेसहा लाख बंदी होते आणि त्यांतील चारांत तीन न्यायाधीन, म्हणजे ज्यांना बराकीत कच्चे कैदी म्हणतात, असे होते. यांचा अपराध सिद्ध झालेला नसतो. काहींचा पुढे होतो, पुष्कळांचा होत नाही. परंतु वर्ष-दोन वर्षे आत काढल्यावर ज्याची नोकरी गेली, खोलीचे भाडे थकले आणि सामान शेजाऱ्यांकडे पडले, त्याच्या संसाराची मोडतोड निर्दोष सुटल्याने आपोआप सांधली जात नाही. पक्क्या कैद्याची सुटकेची तारीख निदान आधी कळते आणि तिच्या अनुरोधाने तयारी करता येते. कच्च्याच्या बाबतीत जामिनाचा हुकूम संध्याकाळी पोहोचतो आणि माणूस अवेळी रस्त्यावर येतो. शिवाय पक्क्याला मजुरी मिळते, कच्च्याला कामाची सक्ती नसल्यामुळे बहुधा तीही नाही. अनुरक्षणाच्या, म्हणजे सुटकेनंतरच्या साहाय्याच्या, योजना आखताना शिक्षा झालेल्या बंद्यालाच डोळ्यांपुढे ठेवले गेले, आणि सुटणाऱ्यांतील हा मोठा समुदाय त्यांच्या बाहेरच राहिला, ही या व्यवस्थेतील मला सर्वांत खटकणारी गोष्ट आहे.

हमीचा प्रश्न येथूनच सुरू होतो. १९७८ साली मोतीराम नावाच्या एका गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. त्याला जामीन मंजूर होता. पण दंडाधिकाऱ्यांनी दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाची हमी, केवळ भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून, नाकारली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हा हुकूम फिरविला, त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडावयास सांगितले, आणि गरिबाला परमुलखातला ठरवून कोंडून ठेवणे घटनेला धरून नाही, असा निर्णय दिला. त्या निर्णयाला इतकी वर्षे लोटल्यावरही, जामीन मंजूर असून केवळ रक्कम वा जामीनदार नाही म्हणून आत राहिलेले बंदी आहेतच, आणि म्हणूनच २०२३ मध्ये केंद्र सरकारला गरीब बंद्यांचा जामीन व दंड भरण्यासाठी स्वतंत्र योजना काढावी लागली. ज्याला या मार्गाने जावयाचे असेल त्याने, किंवा त्याच्या नातलगाने, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत अर्ज करावा. १९८७ च्या कायद्याने कोठडीतील प्रत्येक माणसाला विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि स्त्रिया व अनुसूचित जातिजमातींचे लोक यांना तो सुटल्यानंतरही, उत्पन्नाची अट न लागता, राहतो.

पक्क्या कैद्याच्या बाबतीत घराशी असलेला धागा टिकविण्याचे मुख्य साधन म्हणजे रजा. महाराष्ट्रात १९५९ च्या नियमांनी दोन प्रकारच्या रजा दिल्या आहेत: संचित रजा, जिला आत-बाहेर सारे फर्लो म्हणतात, आणि अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. पहिली वर्तन चांगले असल्यास ठरावीक काळाने मिळते आणि ती शिक्षेतच धरली जाते. दुसरी आजारपण, मृत्यू, लग्नकार्य अशा निमित्ताने मिळते आणि तिचे दिवस शिक्षेत मोजले जात नाहीत. सर्वसामान्य समजूत अशी की रजा ही कैद्याला दिलेली सवलत. माझ्या मते तिचे खरे मोल सुटकेच्या पूर्वतयारीत आहे: दहा वर्षांत न पाहिलेल्या बापापुढे मुलगा एकदम उभा राहण्यापेक्षा, मधून मधून पंधरा दिवस एका छपराखाली राहिलेला बरा, पत्नीने एकटीने चालविलेल्या घरातील नवी वहिवाट कोणती, निर्णय आता कोण घेते, कोणाचे देणे आहे, हे कैद्याला थोडेथोडे कळत गेलेले बरे. परंतु संचित रजेसाठी नियमाने अशी अट घातली आहे की, त्याला घरी ठेवून घेण्यास राजी असलेला आणि जामीन लिहून देणारा नातलग पाहिजे, आणि पोलीस त्या पत्त्यावर चौकशी करून अहवाल देतात. अट समजण्याजोगी आहे. पण तिचा परिणाम असा होतो की, ज्याचे घर तुटले आहे, ज्याला घराशी पुन्हा जुळवून घेण्याची सर्वांत अधिक निकड आहे, तोच रजेवाचून राहतो.

शेतकऱ्याच्या बाबतीत घरी परतल्यानंतरचे पहिले मोठे काम तलाठ्याच्या कचेरीत असते. तो आत असताना बाप वारला असेल तर वारस नोंद झाली की नाही, झाली असल्यास त्यात त्याचे नाव आले की भावांनी आपलीच नावे लावून घेतली, हे सातबारा व फेरफाराचा उतारा काढल्यावाचून कळत नाही. येथे कायदा स्पष्ट आहे आणि तो प्रत्येक सुटलेल्या माणसाला ठाऊक असला पाहिजे. शिक्षा झाल्याने वारसाहक्क बुडत नाही. हिंदू वारसा अधिनियमाच्या पंचविसाव्या कलमाने फक्त खून करणाऱ्याला, किंवा त्यास साहाय्य करणाऱ्याला, मयताच्या मालमत्तेचा वारसा नाकारला आहे, बाकी कोणत्याही अपराधाने तो जात नाही. फेरफारात नाव राहून गेले असेल तर त्याविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येते, आणि नोंद ही महसुलाच्या सोयीसाठी असल्यामुळे खरा हक्क दिवाणी न्यायालयात सिद्ध करण्याचा मार्ग मोकळा राहतो. मात्र एका गोष्टीपासून सावध राहिले पाहिजे. मुदतीचा कायदा अज्ञान मुलाला आणि वेड्याला सूट देतो, तुरुंगात असलेल्याला देत नाही; आणि परक्याचा उघड, विरोधी कब्जा बारा वर्षे निर्वेध चालला तर मूळ मालकाचा दावा बाद होतो. भाऊबंदांतील सामाईक जमिनीत असा कब्जा सिद्ध करणे अवघड असले, तरी बांध सरकवून घेतलेल्या शेजाऱ्याबाबत ही बारा वर्षे आतल्या आत उलटून जातात. म्हणून लांब मुदतीच्या कैद्याने दिवाणी बाबतीतही आतूनच वकीलपत्र द्यावे.

शिधापत्रिकेतून नाव कमी झालेले असते, ते अर्ज करून पुन्हा चढवावे लागते. मतदानाचा हक्क १९५१ च्या कायद्याने केवळ कैदेत असेतोवर स्थगित असतो, सुटल्यावर तो पूर्ववत मिळतो. निवडणुकीला उभे राहण्यास मात्र दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्यास सुटकेनंतरही सहा वर्षे थांबावे लागते. विवाहाविषयी एक ठळक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे: हिंदू विवाह अधिनियमात कारावास हे घटस्फोटाचे कारण नाही, विशेष विवाह अधिनियमात आणि मुस्लिम स्त्रियांसाठीच्या १९३९ च्या कायद्यात सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या बाबतीत ते आहे.

नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीचा दाखला आडवा येतो. इंग्लंडने १९७४ मध्ये कायदा करून अशी सोय केली की, विशिष्ट वर्षे निर्वेध लोटल्यावर बहुतेक जुन्या शिक्षा सर्वसामान्य कामकाजात उच्चारण्याची गरज राहू नये. आपल्याकडे प्रौढांसाठी असा सर्वसाधारण कायदा नाही, आणि तो असावा असे मला आग्रहाने वाटते. ज्याने न्यायालयाने ठरविलेली सजा भोगली त्याला नोकरीच्या प्रत्येक अर्जात ती पुन्हा भोगावयास लावणे हे न्यायालयाच्या निवाड्यात आपल्या पदरची भर घालण्यासारखे आहे. जे आहे ते असे: १९५८ च्या परिविक्षा अधिनियमाखाली तुरुंगात न धाडता देखरेखीवर सोडलेल्यास दोषसिद्धीची कायदेशीर अपात्रता चिकटत नाही, अल्पवयात घडलेल्या अपराधालाही बहुतांशी तेच संरक्षण आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतारसिंग प्रकरणात असे सांगितले की, उमेदवाराने माहिती दडवू नये, परंतु किरकोळ वा तारुण्यातील अपराधाकडे नेमणूक करणाऱ्याने तारतम्याने पाहावे. लपविण्यापेक्षा लिहून देणे हिताचे, हा या निर्णयाचा व्यावहारिक निष्कर्ष.

मदतीच्या यंत्रणांपैकी जिल्हा परिविक्षा अधिकारी हा सर्वांत जवळचा. तो महाराष्ट्रात महिला व बालविकास विभागाच्या अखत्यारीत असतो. मुक्त बंद्यांना लहान धंद्यासाठी द्यावयाच्या साहाय्याचे अर्ज त्याच्याकडे होतात. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९९० मध्ये ‘प्रयास’ हा उपक्रम सुरू केला. त्याचे समाजकार्यकर्ते तुरुंगात जाऊन बंद्यांना भेटतात, आणि ज्याच्याशी आत ओळख झाली त्याच्याबरोबरच सुटकेनंतर निवारा, कागदपत्रे, कामाचे शिक्षण यांसाठी खटपट करतात. या पद्धतीत मला जे महत्त्वाचे वाटते ते हे की, मदतीला येणारा माणूस दिंडीच्या दोन्ही बाजूंना तोच असतो. येरवड्यात १ मे २०२२ रोजी राज्य सहकारी बँकेच्या साहाय्याने ‘जिव्हाळा’ कर्जयोजना सुरू झाली, तीत कैद्याला त्याच्या पुढील मजुरीच्या भरवशावर पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळू लागले. मुलीची फी किंवा आईचे औषध आतूनच भागविता आले तर त्या कैद्याचे घरातील स्थान सुटेपर्यंत शाबूत राहते; रक्कम लहान असली तरी योजनेमागील विचार योग्य दिशेचा आहे.

आणि हा विचार या भूमीत नवा नाही. बहात्तर खेड्यांचे औंध संस्थान हे दक्षिणेतील लहान संस्थानांपैकी एक. त्याचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली आपल्या वाढदिवशी राज्याधिकार प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली आणि गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना पुढच्या वर्षी अमलात आणली. त्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलिश अभियंता, जे पुढे भारतानंद या नावाने ओळखले गेले, राजपुत्र अप्पासाहेबांच्या स्नेहामुळे औंधास आले होते. संस्थानच्या तुरुंगातील बंद्यांना भिंतीआड ठेवण्याऐवजी आटपाडीजवळच्या माळावर नेऊन जमीन कसावयास द्यावी, आणि त्यांच्या बायकामुलांना तेथेच राहू द्यावे, अशी कल्पना निघाली व १९३९ साली ती प्रत्यक्षात आली. वसाहतीचे नाव ठेवले स्वतंत्रपूर. आटपाडीचा मुलूख कमी पावसाचा, जमीन हलकी. खून केलेली माणसे तेथे कुंपणावाचून राहिली, विहिरीच्या पाण्यावर मळे फुलवू लागली. संस्थाने विलीन झाली तरी वसाहत मोडली नाही. मुंबई राज्याने आणि नंतर महाराष्ट्राने ती चालू ठेवली.

याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी, जे स्वतः त्याच औंधच्या मुलखातले, कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. चित्रपट थोर आहे यात शंका नाही, परंतु त्यामुळे स्वतंत्रपूरविषयी लोकांच्या मनात एक अपुरी समजूत रुजली. चित्रपटातील सहा कैदी एका जेलरच्या नजरेच्या नैतिक धाकाने सुधारतात. वास्तवातील वसाहतीला एवढा एक आधार पुरला नसता; एका अधिकाऱ्याची बदली झाली की तो आधार जातो. वसाहत टिकली ती तेथे कुटुंबे नांदली म्हणून. ज्या माणसाची बायको शेजारी भाकरी थापीत आहे आणि ज्याचे मूल आटपाडीच्या शाळेत जात आहे, त्याला पळून जाण्यासारखे ठिकाणच उरत नाही. आणि ज्या दिवशी त्याची मुदत संपते त्या दिवशी त्याच्या संसारात खंड पडलेला नसतो, शेतीच्या कामाची सवय सुटलेली नसते, आणि बाजारातील दुकानदार त्याला नावाने ओळखत असतो. हमी देणारे माणूस कोठून आणावे या प्रश्नाचे औंधने दिलेले हे उत्तर आहे. राजस्थानात १९६३ पासून जयपूरजवळ सांगानेरला खुले बंदी शिबिर चालते, तेथेही बंदी कुटुंबासह राहतात आणि दिवसा शहरात मिळेल ते काम करून स्वतःचे पोट स्वतः भरतात. महाराष्ट्रात पैठण, येरवडा, मोर्शी येथे खुली कारागृहे आहेत, त्यांचा उपयोग निर्विवाद. पण सकुटुंब राहण्याची ही रीत आटपाडीच्या बाहेर फारशी पसरली नाही. तिला खर्च कमी लागतो, पहारा कमी लागतो, आणि ती प्रत्येक मोठ्या कारागृहाच्या जोडीला काढता येईल.

पारधी, कैकाडी यांसारख्या जमातींच्या माणसाला सुटकेनंतर याहून कठीण भिंत ओलांडावी लागते. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच गुन्हेगार ठरविलेल्या या लोकांना सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड सेटलमेंटमध्ये ठेवले जाई आणि त्यांची हजेरी घेतली जाई. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. परंतु त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, आणि जवळपास चोरी झाली की पहिली झडती याच वस्तीची, ही रीत ठाण्यांतून पुरती गेली नाही. अशा माणसाने काम धरले तरी चौकशीसाठी दोनदा ठाण्यावर बोलावणे आले की मालक त्याला काढून टाकतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगातील जातिभेदावर जो निर्णय दिला, त्यात विमुक्त जमातींकडे जन्मजात गुन्हेगार म्हणून पाहणाऱ्या नियमांनाही घटनाबाह्य ठरविले. पोलीस अधिकारी, सरपंच वा शाळामास्तर यांच्यापैकी कोणी एकाने या माणसासाठी मालकाकडे जाऊन शब्द टाकला तर त्याचा उपयोग कोणत्याही अनुदानाहून अधिक होईल.

स्त्रियांची संख्या कारागृहांत थोडी, पण सुटकेनंतरची त्यांची अवस्था अधिक बिकट. पुरुष तुरुंगात गेला तर बायको मुलाखतीला येत राहते; बाई तुरुंगात गेली की सासर तिचे नाव टाकते आणि माहेरही पुष्कळदा दार लावून घेते. केंद्राच्या ‘स्वाधार’ योजनेत, जी आता ‘शक्ती सदन’ या नावाने चालते, सुटून आलेल्या निराधार स्त्रियांना निवाऱ्याची सोय आहे, आणि याची माहिती त्यांना आत असतानाच मिळाली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निर्णयाप्रमाणे मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ राहू शकते, आणि आत जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यात जन्मस्थान म्हणून कारागृहाचे नाव घालावयाचे नाही. सहा वर्षांनंतर ते नातलगांकडे किंवा बालगृहात जाते. आई सुटल्यावर ते परत हवे असेल तर तिने बालकल्याण समितीपुढे अर्ज करावयाचा असतो, आणि समिती सामाजिक तपासणी अहवाल मागविते: बाई राहते कोठे, खोली भाड्याची की कोणाच्या आसऱ्याची, मिळकत किती, शेजारी काय म्हणतात. हे प्रश्न मुलाच्या हिताचे आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. परंतु ज्या बाईला सुटून महिना झाला आहे तिच्याजवळ यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर नसते, म्हणून परिविक्षा अधिकाऱ्याने वा संस्थेच्या कार्यकर्त्याने सुटकेच्या तीन-चार महिने आधी तिच्या माहेरच्या गावी जाऊन भाऊ, मावशी, आत्या, जे कोणी बोलावयास तयार असेल त्याच्याशी बोलणे, खोली पाहून ठेवणे आणि मुलाची बालगृहातून तिच्याशी नियमित भेट घडवून आणणे आवश्यक आहे.